‘च्च’ जेव्हा व्यंजन होतं: खोसा भाषेतल्या क्लिकची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग एक करून बघा. कुणाची कीव आली की आपण जिभेनं ‘च्च’ करतो, तो आवाज काढा. आता गालाच्या बाजूनं, बैल हाकताना काढतात तसा. आणि तिसरा टाळूला जीभ लावून, बाटलीचं बूच उडाल्यासारखा ‘टॉक्’.

आपल्याकडे हे नुसते आवाज. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत ही चक्क व्यंजनं आहेत! रोमन लिपीत ती अनुक्रमे सी, एक्स आणि क्यू या अक्षरांनी लिहितात. ‘खोसा’ हे नावसुद्धा गालाच्या बाजूच्या क्लिकनं सुरू होतं. आपला ‘ख’ म्हणजे निव्वळ तडजोड.

गंमत अशी की खोसा ही बांटू कुळातली. हे कुळ मूळचं आजच्या कॅमेरून-नायजेरियाच्या सीमेकडचं, आणि त्याच्या मूळ भाषेत क्लिक नव्हतेच. शेती करणारे, गुरं पाळणारे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडे सरकत गेले. तिथं आधीपासून खोइखोइ आणि सान लोक राहत होते. क्लिक त्यांचे. शेजार झाला, लग्नं झाली, आवाज घरात आले.

पण परका आवाज भाषेत इतका मुरला कसा? मला सगळ्यात पटतं ते उत्तर ‘ह्लोनिफा’ या प्रथेत आहे. सुनेनं सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावातली अक्षरं इतर शब्दांतही टाळायची. आपल्या भाषेत कल्पना करा: सासरे गणपत, तर ‘गवत’ म्हणायचीही चोरी! मग बायका त्या शब्दातलं व्यंजन बदलायच्या, आणि तिथं क्लिक बसवला की काम भागायचं. क्लिक रुजायला याचा मोठा हातभार लागला, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्यांच्या बोलण्यावर बंधनं होती, त्यांनीच भाषेला नवी व्यंजनं दिली.

पुढे १६५२ पासून केपमध्ये डच वसाहत वाढत गेली. १७१३ ला देवीची साथ आली. खोइखोइंच्या जमिनी गेल्या, केपमधल्या त्यांच्या बोलीही संपत गेल्या. क्लिक मात्र खोसा लोकांच्या तोंडी टिकले.

२०२१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ शहराचं नाव बदलून ‘ग्केबेखा’ झालं. त्याची सुरुवातच क्लिकनं होते. ‘हे म्हणायचं तरी कसं?’ अशी कुरकूर लगेच झाली. मला विचाराल तर म्हणेन, शिकून घ्यावं. त्या एका आवाजात एका हरवलेल्या भाषेची खूण आहे.

तुम्हाला जमला का तो ‘टॉक्’? सराव करा, भेटू पुढच्या भागात!