स्वस्त ताटाची किंमत

खोपट या शब्दाचा मराठींतील अर्थ लहानसें झोपडें असा आहे. ठाण्याच्या पश्चिम भागांत या नांवाची एक वस्ती असून, तेथील एस.टी.च्या स्थानकामुळें तें नांव बाहेरगांवच्या माणसांसही परिचित झालें आहे. गांवाहून कामासाठीं आलेला मनुष्य गाडींतून उतरला, कीं काम होईपर्यंत त्याच्यापुढें जेवणाचा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न केवळ जेवण कोठें मिळेल एवढाच नसतो. तें ताजें असेल काय, त्यानें पोट भरेल काय, आणि परतीचें भाडें राखून तें खिशाला परवडेल काय, असा तो तिहेरी असतो.

वरवर पाहतां हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या दीडशें वर्षांत मुंबई-ठाण्याच्या समाजानें या प्रश्नाचीं जीं निरनिराळीं उत्तरें शोधलीं, त्यांत जातिभेद, गिरण्या, महायुद्ध, दारूबंदी आणि राजकारण हीं सारीं येऊन गेलीं आहेत. त्या सर्व उत्तरांत एक गोष्ट समान आढळते. स्वस्त ताटाची पुरी किंमत जेवणारा सहसा देत नाहीं. उरलेली किंमत दुसरें कोणी तरी देत असतें. तें कोण, याचा शोध घेतला म्हणजे या ताटाचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

आगगाडी येण्यापूर्वीं प्रवासी घरून शिदोरी घेऊन निघे. ती संपली म्हणजे वाण्याकडून शिधा घ्यावा आणि धर्मशाळेंत किंवा देवळाच्या ओवरींत तीन दगडांची चूल मांडावी, अशी रीत होती. परक्या हातचें शिजलेलें अन्न पैसे देऊन खाणें हें उच्चवर्णीयांत गैर मानलें जाई. गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. म्हणजे सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या, असा त्यांचा आठवडा निघे. तीर्थक्षेत्रीं अन्नछत्रें असत. या व्यवस्थेंत ताटाची किंमत दाता देई आणि पुण्य पदरीं पाडून घेई; पण तें दातृत्व बहुधा जातीचें कुंपण ओलांडीत नसे. तें कुंपण किती बळकट होतें, हें १८९० सालच्या पुण्यांतील पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून दिसून येतें. तेथें चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे व टिळक यांच्यासारख्या पुढाऱ्यांवर गदारोळ उठला आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढें कित्येक महिने गाजत राहिला. एक पेला चहा जेथें एवढा महाग पडे, तेथें अनोळखी माणसाच्या हातचें पुरें जेवण ही गोष्ट दूरच राहिली.

ही घडी मोडली ती आगगाडीनें आणि गिरण्यांनीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन पोंचली आणि पुढच्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास गेला. ठाणें हें जिल्ह्याचें ठिकाण; कचेरी, न्यायालय आणि तुरुंग तेथेंच. मुरबाड-शहापुराकडील शेतकऱ्यास जमिनीच्या कामासाठीं दिवसचा दिवस तेथें काढावा लागे. तिकडे मुंबईंत रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून हजारों पुरुष गिरण्यांच्या कामावर आले. बहुतेकांचीं बायकामुलें गांवींच असत. त्यांना रोज दोन वेळां कोण जेवूं घालणार? या गरजेंतून खानावळ उभी राहिली.

खानावळीचा व्यवहार साधा व शिस्तीचा होता. जेवणाराला मेंबर म्हणत. तो महिन्याचा ठराव करी आणि पगार झाला कीं पैसे चुकते करी. गांवीं गेला किंवा पाळी चुकली, तर तेवढ्या जेवणांचा खाडा धरला जाई. पुष्कळशा खानावळी चाळींतील एका खोलींत स्त्रियाच चालवीत. पहाटे उठून दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापणें, कालवण रांधणें, डबे भरणें, भांडीं घासणें आणि संध्याकाळीं पुन्हा तेंच, असा त्यांचा दिनक्रम असे. मेंबराचा पगार महिन्याअखेर हातीं येई. धान्याचा पैसा मात्र आधीं लागे. तो सावकाराकडून जबर व्याजानें काढावा लागे. गिरणींत संप झाला म्हणजे मेंबरांची उधारी वाढे, पण ओळखीच्या माणसाचें ताट बंद करणें बाईच्या जिवावर येई. तात्पर्य, गिरणगांवच्या स्वस्त ताटाची राहिलेली किंमत या स्त्रिया आपल्या झोपेनें आणि कर्जानें भरीत होत्या. त्यांच्या श्रमाचा मोबदला ताटाच्या हिशेबांत धरलाच जात नसे.

ही गोष्ट उघडपणें मांडण्याचें श्रेय प्रेमा पुरव यांस द्यावें लागेल. १९७५ सालीं त्यांनीं मुंबईंत अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ सालीं मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालेलें होतें. तेव्हां गहाण ठेवण्यास कांहींच नसलेल्या खानावळवाल्यांचे गट करून, एकीनें दुसरीस जामीन राहावें आणि बँकेचें कर्ज मिळवावें, असा मार्ग त्यांनीं काढला. सावकाराचें व्याज सुटलें म्हणजे तेवढा पैसा बाईच्या घरांत राहतो आणि ताट महागही करावें लागत नाहीं, हें या संस्थेनें अनुभवानें सिद्ध केलें.

खानावळीच्या जोडीला दुसरें उत्तर पुढें आलें तें उपाहारगृहाचें. इराणांतून आलेल्या व्यापाऱ्यांनीं मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहा आणि ब्रून-मस्का यांचीं दुकानें थाटलीं. त्यांपैकीं आज थोडींच उरलीं आहेत. दादरला मामा काणे यांचें उपाहारगृह १९१० सालीं निघालें. १९४२ सालीं, ऐन महायुद्धांत, ए. रामा नायक यांनीं माटुंगा स्थानकाजवळ उडिपी पद्धतीचें श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलें. पुढच्याच वर्षीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग आलें. अशा टंचाईच्या काळांतही हीं गृहें टिकलीं याचें कारण त्यांच्या हिशेबांत आहे. पदार्थ मोजके, माल ठोक खरेदीचा, एका टेबलावर दिवसांतून कित्येक पंगती, आणि संध्याकाळपर्यंत भांडीं रिकामीं. नफा दर ताटामागें अल्प, पण ताटें पुष्कळ. येथें कोणाच्या दातृत्वाची गरज नसते. गिऱ्हाइकांची गर्दीच एकमेकांचा भार उचलते.

ठाण्यांत या पद्धतीचें ठळक उदाहरण म्हणजे मामलेदार मिसळ. मामलेदार कचेरीच्या आवारालगत १९४६ सालीं मुर्डेश्वर कुटुंबानें हें उपाहारगृह चालू केलें आणि कचेरीचेंच नांव त्यास चिकटलें. कारकून, वकील आणि तारखेसाठीं आलेला शेतकरी हें त्याचें मूळचें गिऱ्हाईक. मिसळ हा पदार्थच मुळीं काटकसरीचा आहे. भिजविलेलें कडधान्य थोडक्यांत पुष्कळ होतें, तिखट रस्सा पावाची सोबत करतो, आणि वर मूठभर फरसाण पडलें कीं बशी भरलेली दिसते. तिखटाचें प्रमाण गिऱ्हाइकानें सांगावें एवढीच काय ती निवड. पुढें त्या मिसळीची कीर्ति ठाण्याबाहेर गेली. पण तिचा जन्म कचेरींत खोळंबलेल्या माणसाच्या भुकेपोटीं झाला, हें विसरतां येत नाहीं.

येथें एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ताट स्वस्त असलें म्हणजे तें सर्वांस मिळालेंच असें नाहीं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातांत पैसा असला, तरी कित्येक हॉटेलांत त्याला आंत बसूं देत नसत; त्याची कपबशी वेगळी, आणि ती त्यानेंच विसळून ठेवावी, असा दंडक असे. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें उपाहारगृहांतील हा भेद निषिद्ध ठरविला आणि १९५५ च्या अस्पृश्यतानिवारणाच्या कायद्यानें तो दंडनीय केला. शहरांतील स्वस्त जेवणाच्या इतिहासांत या दोन तारखांचें महत्त्व कोणत्याही प्रसिद्ध उपाहारगृहाच्या स्थापनेहून अधिक आहे.

जेवण शिजलेलेंच विकत घ्यावें असें नाहीं. बाजारांतून चांगली वस्तु स्वस्तांत आणणें हाही याच विषयाचा भाग होय. ठाण्याचा जुना बाजार मासुंद्याच्या तलावाजवळ, जांभळी नाक्याच्या परिसरांत भरतो. पावसाळ्याच्या आरंभीं ठाणें-कल्याणच्या बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळें, टाकळा, भारंगी, कंटोळीं अशा रानभाज्या घेऊन बसतात. शेवळ्यांची खाज मारण्यासाठीं त्यांच्याबरोबर काकडें घालावीं लागतात. तीं न मागतां विकणाऱ्या बाईजवळच मिळतात, आणि पाककृतीही तीच सांगते. या भाज्यांना ना खत, ना मशागत. त्यांची किंमत म्हणजे रान तुडविण्याचे, ओझें वाहण्याचे आणि गाडीनें शहर गांठण्याचे कष्ट. त्यामुळें शहरांतील गृहिणी या जुडीचा भाव पाडते, तेव्हां ती कोणत्या खर्चांत काटछाट करीत असते, हें उघड आहे.

स्वस्त खाण्याचें आणखी एक ठिकाण सुशिक्षित कुटुंबांत सहसा चर्चिलें जात नाहीं. तें म्हणजे मद्यालय. ठाणें जिल्ह्यांत ताडीचीं झाडें मुबलक, आणि ताडीच्या दुकानाजवळ तिखट-खारट खाद्य विकणारे बसत. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालीं झाला. त्यानंतर मद्य परवान्यावांचून मिळेना. १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल होत गेली, तरी परमिट रूम हें नांव टिकून राहिलें. तेथें चकणा म्हणून मिळणारे चणे, शेंगदाणे किंवा काकडी पुष्कळदां फुकट असते. पण या चकण्याची किंमत मद्याच्या नफ्यांतून निघते, आणि तो नफा पुष्कळदां मजुराच्या घरच्या चुलीवरून उचललेला असतो. बाहेरचें फुकट खाणें घरच्या ताटाला महाग पडतें, तें असें.

१९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनीं वडा पावांत घालून विकण्यास आरंभ केला, असें सामान्यतः मानलें जातें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते, आणि पुष्कळांना पुन्हा काम मिळालें नाहीं. खानावळीचा मेंबरच नाहींसा झाला. बेकार झालेल्या कित्येकांनीं वडापावची गाडी लावली; कित्येकांचें दुपारचें जेवणही तेवढेंच उरलें. ठाण्यांतही, स्थानकापासून वागळे इस्टेटच्या कारखान्यांपर्यंत, वडापावनें आपलें राज्य बसविलें. त्यानें भूक भागते. पण भाकरी, भाजी आणि वरण-भात यांची जागा तो भरून काढीत नाहीं.

याच उणिवेकडे बोट दाखवून सरकार या क्षेत्रांत उतरलें. १९९५ सालीं महाराष्ट्र शासनानें एक रुपयांत झुणका-भाकर देणारीं केंद्रें काढलीं. कल्पना लोकप्रिय झाली. पण एक रुपयांत खर्च निघणें अशक्य, आणि अनुदानावर सारी मदार. कित्येक केंद्रांत झुणका-भाकर मागें पडून चहा आणि इतर खाद्यें विकलीं जाऊं लागलीं. २००० सालीं ही योजना बंद झाली. पुढें २६ जानेवारी २०२० रोजीं शिवभोजन योजना सुरू झाली. तिच्या थाळींत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. शहरांत थाळीचा खर्च ५० रुपये धरला गेला. त्यांतील १० रुपये जेवणाऱ्यानें द्यावयाचे आणि ४० सरकारनें. करोनाच्या टाळेबंदींत हेच १० रुपये ५ वर आणले गेले. या योजनेचा एक गुण असा, कीं ताटाची खरी किंमत किती आणि ती कोण भरतें, हें तिनें आंकड्यांत लिहून ठेवलें. खानावळवालीच्या वहींत तो आंकडा कधींच नव्हता. सरकारी ताटाचा धोकाही त्याच आंकड्यांत दिसतो: अनुदानाचा हप्ता लांबला, कीं चूल थंडावते.

दाता, चूल सांभाळणारी स्त्री, गिऱ्हाइकांची गर्दी, मद्याचा नफा आणि सरकार, असे स्वस्त ताटाचे पांच वांटेकरी या इतिहासांत दिसतात. त्यांपैकीं दात्याचें ताट जातीशीं बांधलेलें राहिलें, मद्यालयाचें घरच्या अन्नावर उठलें, आणि सरकारचें अनुदानावर अवलंबून राहिलें. दीर्घकाळ टिकलीं तीं दोनच: ओळखीची खानावळ, आणि मोजके पदार्थ पुष्कळांस वाढणारें उपाहारगृह. मात्र खानावळीचें टिकणें तेव्हांच न्यायाचें होतें, जेव्हां रांधणाऱ्या हातांची मजुरी हिशेबांत धरली जाते.

खोपटला उतरलेल्या माणसाला चांगल्या जेवणाची जागा ओळखण्यास मोठ्या ज्ञानाची आवश्यकता नाहीं. फळ्यावर पदार्थ थोडे असावेत. रोजच्या कामाचीं माणसें तेथें जेवत असावींत. आणि दुपार टळतांना 'संपलें' असें सांगण्यास मालकाला संकोच वाटूं नये. ज्या ठिकाणीं अन्न संपतें, तेथें शिळें उरत नाहीं. आणि एवढें सारें असून ताट आश्चर्य वाटावें इतकें स्वस्त असेल, तर क्षणभर आंतल्या चुलीकडे दृष्टि टाकावी. उरलेली किंमत देणारें माणूस बहुधा तेथेंच उभें असतें.