अडेनियमचा येमेनी जन्मदाखला

बुडाशी फुगलेला बुंधा, वर चार-दोन फांद्या आणि टोकाला गुलाबी फुलांचे झुबके. पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांत दर्शनी भागात मांडलेलं हे अडेनियम. त्याची शास्त्रीय नोंद ज्या मोहिमेत झाली, तिच्यातला एकच विद्वान जिवंत मायदेशी परतला आणि तोही आजारातून सावरला तो मुंबईत.

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने १७६१ मध्ये अरबस्तानच्या अभ्यासासाठी एक तुकडी धाडली. वनस्पतींचं काम लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कॉल याच्याकडे होतं, तर नकाशांचं कार्स्टन नीबूरकडे. १७६२ सरता सरता मंडळी येमेनमध्ये उतरली. फोर्स्कॉलने गाढवावर बसून तिथले डोंगर पालथे घातले, शेकडो झाडं टिपली. त्यांतच हे जाड बुंध्याचं झुडूप होतं.

मग हिवतापाने गाठलं. तुकडीतला भाषातज्ज्ञ फॉन हावेन मोखा बंदरात वारला, तर ११ जुलै १७६३ रोजी यरीम गावी फोर्स्कॉल. वय अवघं ३१. मुंबईकडे निघालेल्या जहाजावर चित्रकार आणि नोकर दगावले, मुंबईत डॉक्टरही. नीबूर तेवढा उरला. वर्षाहून अधिक काळ तो मुंबईत राहिला, घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढली आणि इराण-इराकमार्गे १७६७ मध्ये कोपनहेगनला पोचला.

फोर्स्कॉलची टिपणं नीबूरने १७७५ मध्ये छापून काढली. त्यांत हे झाड ‘नेरियम ओबेसम’ म्हणून, म्हणजे लठ्ठ कण्हेर म्हणून आलं. अंदाज फारसा चुकलेला नव्हता. कण्हेर, चाफा, सदाफुली आणि अडेनियम ही सगळी एकाच कुळातली. १८१९ मध्ये रोमर आणि शुल्टेस यांनी त्याला कण्हेरीतून वेगळं काढून ‘अडेनियम’ ही स्वतंत्र प्रजाती दिली.

विषाच्या बाबतीत मात्र ते कण्हेरीला शोभेल असंच आहे. पूर्व आफ्रिकेतले शिकारी त्याचा रस आटवून बाणांच्या टोकांना लावत. म्हणूनच छाटणी करताना हातमोजे हवेत आणि कुंडी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी हवी.

पुढे थायलंड आणि तैवानच्या बागाईतदारांनी संकर आणि कलमं करून रंग वाढवले, दुहेरी-तिहेरी पाकळ्या आणल्या. फुलं बदलली, स्वभाव तोच राहिला. पाऊस आला की बुंध्यात पाणी साठवायचं आणि कोरडे महिने त्यावर काढायचे, ही मूळच्या खडकाळ उतारांवरची सवय कुंडीतही सुटत नाही. काळ्या चिकट मातीत मुळं गुदमरतात, त्यामुळे भरड वाळू आणि विटांचा चुरा भरपूर घालावा. ऊन दिवसाला पाच-सहा तास तरी हवं. थंडीत पानं झडली की लोक कळवळून पाणी ओततात, आणि विश्रांती घेणारं झाड तिथेच कुजू लागतं.

महाराष्ट्रात अडेनियमची खरी परीक्षा उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात असते. जूनपासून कुंडी आडोशाला न्यावी. माती ओली असूनही बुंधा बोटाला मऊ लागला, तर वाट न पाहता झाड उपटावं, निरोगी गर दिसेपर्यंत कुजका भाग कापावा, जखम सावलीत काही दिवस वाळू द्यावी आणि मगच ते कोरड्या मातीत पुन्हा लावावं.