दिव्याच्या बटणापासून कायद्यापर्यंत

सन १९७३ च्या नोव्हेंबर महिन्यातील एका शुक्रवारची संध्याकाळ. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ घरी निघाले होते. महिनाभरापूर्वीच अरब राष्ट्रांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले होते. आपल्या मजल्यावरील वीस खोल्यांमधले दिवे शनिवार-रविवारभर तसेच जळत राहणार, हे रोझेनफेल्ड यांच्या लक्षात आले. त्यांनी हिशेब मांडला. एका खोलीतील दिव्यांसाठी तेवढ्या वेळात सुमारे ५ गॅलन तेलाइतके इंधन वीजकेंद्रात जळणार. वीस खोल्यांचे १०० गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८० लिटर! दिवे मालवायला ते निघाले खरे, पण बटणे कपाटांच्या, पुस्तकांच्या मांडण्यांच्या आणि भिंतीवरील चित्रांच्या मागे दडलेली होती. ती शोधण्यात वीस मिनिटे गेली.

रोझेनफेल्ड हे एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी. मूलकणांच्या संशोधनात त्यांचे नाव झाले होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी तो विषय हळूहळू बाजूला ठेवला आणि ऊर्जेच्या बचतीचा अभ्यास हाती घेतला. या अभ्यासाचे पुढे कायद्यात रूपांतर कसे झाले, ते आपण पाहू.

१९७४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन भौतिकी संस्थेने प्रिन्स्टन येथे भौतिकशास्त्रज्ञांचे एक अभ्याससत्र भरवले. ऊर्जेचा कार्यक्षम वापर हा त्याचा विषय होता आणि रोझेनफेल्ड त्यात सहभागी होते. या सत्राने कार्यक्षमतेची व्याख्याच नव्याने तपासली. आपण एक घरगुती उदाहरण घेऊ. २० लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून ४५ अंशांपर्यंत तापवायला विजेच्या हीटरला सुमारे ०.४७ युनिट वीज लागते. ही सारी वीज उष्णतेच्या रूपाने पाण्यात जाते. म्हणून हीटरची कार्यक्षमता १०० टक्के, असे आपण वर्गात शिकवतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

उष्मागतिकीचा दुसरा नियम वेगळाच प्रश्न विचारतो: हेच काम कमीत कमी किती ऊर्जेत झाले असते? भोवतालच्या हवेत उष्णता आहेच. ती निर्माण करायची नाही, फक्त कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे उपसून न्यायची आहे. पाण्याचे सरासरी तापमान ३५ अंश, म्हणजे ३०८ केल्विन धरले, तर भोवतालच्या हवेशी फरक होतो १० अंशांचा. कार्नोच्या सूत्रानुसार लागणारे किमान कार्य म्हणजे उष्णतेच्या १० भागिले ३०८, सुमारे ३ टक्के. ०.४७ युनिटऐवजी ०.०१५ युनिट! कोणतेही प्रत्यक्ष यंत्र इतके आदर्श असणार नाही. परंतु ‘१०० टक्के’ आणि ‘३ टक्के’ या दोन आकड्यांमधील अंतर सुधारणेला किती वाव आहे हे दाखवते. विकासासाठी आणखी वीजकेंद्रे हवीत, एवढाच विचार करणाऱ्या धोरणकर्त्यांपुढे भौतिकशास्त्राने हे अंतर ठेवले.

नुसता आकडा मात्र अहवालात पडून राहतो. त्याला कायद्यापर्यंत नेणारी वस्तू ठरली घरातला फ्रिज. त्या काळी अमेरिकेतील नवा फ्रिज वर्षाला सुमारे १८०० युनिट वीज खात असे. भिंतींमधील उष्णतारोधक थर पातळ, मोटर निकृष्ट, आणि दाराच्या चौकटीवर दव साचू नये म्हणून तिथे चक्क विजेची तार तापवलेली! रोझेनफेल्ड आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड गोल्डस्टीन यांनी बाजारातील फ्रिजच्या किमती आणि त्यांचा वीजवापर ताडून पाहिला. दोहोंत काहीही संबंध आढळला नाही. महाग फ्रिज कमी वीज खातो असे नव्हते, आणि गिऱ्हाइकाला दुकानात वीजवापर कळतही नव्हता. मग उत्पादकाने सुधारणा कशासाठी करावी?

कॅलिफोर्नियात १९७४ च्या कायद्याने ऊर्जा आयोग स्थापन झाला होता. या आयोगाने फ्रिजच्या वीजवापरावर कमाल मर्यादा घातली आणि १९७७ पासून ती लागू झाली. पुढे ती वेळोवेळी कडक होत गेली. १९८६ साली उपकरणांच्या मानकांचा राष्ट्रीय कायदा अध्यक्ष रेगन यांनी रोखून धरला, पण १९८७ साली त्यावर सही केली. २००१ पर्यंत अमेरिकेतील नव्या फ्रिजचा वार्षिक वापर ५०० युनिटांच्या आसपास आला. दरम्यान फ्रिज आकाराने मोठा झाला होता आणि स्वस्तही. कॅलिफोर्नियातील दरडोई वीजवापर कित्येक दशके जवळजवळ स्थिर राहिला. याचे सारे श्रेय मानकांना देणे योग्य नव्हे; सौम्य हवामान, विजेचे चढे दर आणि बदलते उद्योग यांचाही त्यात वाटा आहे. पण मानकांचा वाटा नाकारता येत नाही.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर अशोक गाडगीळ यांनी बर्कली येथे रोझेनफेल्ड यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. १९९१ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर असे दाखवले, की भारतात घरगुती वीज तोट्यात विकली जात असल्याने, ग्राहकांना कमी वीज खाणारे सीएफएल दिवे पुरवणे वीज कंपनीच्याच फायद्याचे आहे. त्यानंतर मुंबईसाठी अशी एक मोठी योजनाही आखली गेली. ती वाटेतच अडली. भौतिकी आणि अर्थशास्त्र दोन्ही बरोबर होते. मात्र त्यांना धरून ठेवणारी सरकारी चौकट तेव्हा आपल्याकडे नव्हती.

ही चौकट २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मिळाली. २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सुरू झाला आणि २००६ पासून उपकरणांवर तारांकित लेबले दिसू लागली. दिव्यांच्या बाबतीत तर विज्ञानाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या संशोधनाला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जानेवारी २०१५ मध्ये आपल्याकडे ‘उजाला’ योजना सुरू झाली. एकगठ्ठा खरेदीमुळे, २०१४ साली सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

शोध लागला, निबंध छापला, की आपले काम संपले, असे आम्हा संशोधकांना बहुधा वाटते. रोझेनफेल्ड यांना तसे वाटले नाही. २००० ते २०१० या काळात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ते त्याच कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगाचे सदस्य होते. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील फ्रिजवरचे लेबल पाहून वर्षाचा युनिटचा आकडा उतरवून आणायला सांगावे. सारे आकडे फळ्यावर मांडून १८०० शी त्यांची तुलना करावी. दुसऱ्या नियमाचा धडा त्यानंतर सुरू करावा.