आर्किमिडीज पालिंप्सेस्ट

ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) याच्या ग्रंथांची चर्मपत्रावर केलेली दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आकृतियुक्त नक्कल. पूर्वीचा मजकूर खरवडून त्याच चर्मपत्रावर नवा मजकूर लिहिलेल्या हस्तलिखितास पालिंप्सेस्ट म्हणतात. ही नक्कल बहुधा कॉन्स्टँटिनोपल (हल्लीचे इस्तंबूल) येथे झाली असावी. १२२९ मध्ये योआनीस मिरोनास या लेखनिकाने तिची पाने सुटी करून खरवडली, आडवी फिरवून मधोमध दुमडली आणि इतर जुन्या ग्रंथांच्या पानांसह त्यांचे ख्रिस्ती प्रार्थनापुस्तक बनविले. या कृत्यास विध्वंस म्हणण्याची प्रथा आहे. परंतु चर्मपत्र महाग होते आणि प्रार्थनापुस्तक म्हणूनच ही पाने मठांत जपली गेली, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पुढे हे पुस्तक जेरूसलेमजवळील मार साबा मठात होते. एकोणिसाव्या शतकात ते जेरूसलेमच्या ग्रीक धर्मपीठाच्या कॉन्स्टँटिनोपलमधील मठात आले. तेथे ते पाहणाऱ्या जर्मन विद्वान टिशेनडॉर्फ याच्याकडे गेलेले त्यातील एक पान १८७६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने विकत घेतले. १८९९ च्या एका सूचीत खालच्या मजकुराचा काही भाग छापला गेला. तो आर्किमिडीजचा असल्याचे डॅनिश पंडित हायबर्ग याने ओळखले व १९०६ मध्ये मूळ ग्रंथ तपासला. त्यामुळे नष्ट झाल्याचे मानलेला ‘पद्धती’ हा ग्रंथ उजेडात आला. आकृतीचे सूक्ष्म छेद काल्पनिक तराजूत तोलून क्षेत्रफळे व घनफळे कशी शोधली, हे त्यात आर्किमिडीजने स्वतःच सांगितले आहे. ‘तरंगणाऱ्या वस्तू’ या ग्रंथाचा मूळ ग्रीक पाठही येथेच आढळतो.

हायबर्गने शब्द वाचले. आकृत्यांकडे मात्र त्याने फारसे लक्ष दिले नाही. त्याच्या आवृत्तीतील आकृत्या आधुनिक संकेतांनुसार नव्याने काढलेल्या आहेत. हस्तलिखितात वर्तुळांतर्गत बहुभुजाच्या बाजूदेखील वक्र काढलेल्या दिसतात. अशा आकृत्या मापाबरहुकूम चित्रे नसून बिंदू व रेषा यांचे परस्परसंबंध दाखविणारी सिद्धतेचीच अंगे होत, असे रेव्हिएल नेट्झ या अभ्यासकाने प्रतिपादन केले. त्या दुरुस्त करणे म्हणजे पुरावाच बदलणे होय.

१९२० नंतरच्या काळात ग्रंथ मठातून नाहीसा होऊन फ्रान्समधील खाजगी मालकीत गेला. त्याची सर्वांत मोठी हानी याच काळात झाली. बुरशीने पाने खाल्ली, हायबर्गने पाहिलेली तीन पाने गहाळ झाली आणि किंमत वाढावी म्हणून असेल, चार पानांवर शुभवर्तमानकारांची बनावट सोनेरी चित्रे रंगविण्यात आली. त्यांतील एक हिरवे रंगद्रव्य १९३८ पूर्वी बाजारात मिळतच नव्हते. सात शतके मठवासीयांनी राखलेल्या ग्रंथाची अशी दशा अवघ्या काही दशकांत झाली. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा लिलाव झाला. चोरीस गेलेला ग्रंथ परत मिळावा, हा जेरूसलेमच्या धर्मपीठाचा दावा दीर्घ कालावधी लोटल्याच्या कारणावरून न्यायालयाने अमान्य केला. अनामिक ग्राहकाने तो वीस लाख डॉलरला घेतला व अभ्यासासाठी बॉल्टिमोर येथील वॉल्टर्स कलासंग्रहालयाकडे सोपविला. निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात पानांची छायाचित्रे घेण्यात आली. बनावट चित्रांखालील अक्षरे वाचण्यासाठी स्टॅनफर्ड येथे क्ष-किरणांच्या साहाय्याने शाईतील लोहाचा माग काढला गेला. ही सर्व छायाचित्रे २००८ मध्ये कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशी प्रसिद्ध करण्यात आली.