नाण्यावरील सन

इतिहासाच्या अध्यापनात सनावळीस आपण इतके महत्त्व देतो की, एखाद्या वस्तूवर सन कोरलेला दिसला म्हणजे पुढील चौकशीची गरजच आपणांस वाटेनाशी होते. या सवयीची जाणीव आम्हांस एका नाण्याने करून दिली.

बेळगाव भागातील आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याने कलदार रुपयाहून बरेच मोठे असे चांदीचे नाणे आणून दाखविले. त्याचे पणजोबा मराठा पलटणीबरोबर १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या लढाईत होते. परतताना त्यांनी ते आणले होते. नाण्यावर मारिया थेरेसा या राणीची मुद्रा, मागे दुतोंडी गरुड आणि १७८० हा सन. वरच्या कडेजवळची अक्षरे पुसट होती. जवळजवळ अडीचशे वर्षांचे नाणे, त्यातून टाकसाळीची चूक, तेव्हा मोठी किंमत येईल, असे कोणा व्यापाऱ्याने सांगितल्यावरून थोरल्या बहिणीच्या महाविद्यालयाचा खर्च घरच्यांनी त्यावर धरला होता.

राणी २९ नोव्हेंबर १७८० रोजी वारली. नाणे मात्र मेले नाही. लाल समुद्राच्या दोन्ही काठांवरील व्यापारी हीच मुद्रा ओळखत व दुसरी स्वीकारीत नसत. म्हणून व्हिएन्नाच्या टाकसाळीने सनही न बदलता ती पाडणे चालू ठेविले. १९३५ साली अबिसीनियावरील स्वारीच्या तयारीत इटलीने तिचे ठसे मिळविले, आणि पाठोपाठ पॅरिस, लंडन, ब्रुसेल्स येथेही ती पडू लागली. १९४० व १९४१ साली तर आपल्या मुंबईच्या टाकसाळीत ती दीड कोटीहून अधिक संख्येने पाडली गेली. या सर्वांवर सन १७८० हाच! राणीच्या छातीवरील पदकाचे मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसे मोजून जाणकार टाकसाळ ठरवितात. केवळ सनावरून ती ठरत नाही.

आता चुकीविषयी. टाकसाळीची चूक म्हणजे ठसा उमटेपर्यंत झालेला दोष. नंतरची झीज वा इजा ही चूक नव्हे. भिंगातून पाहता पुसट अक्षरांवर डाकाचा थर दिसला. इथिओपिया व अरबस्तानात स्त्रिया ही नाणी कडी लावून गळ्यात घालीत. तीच कडी पुढे काढली गेली असावी. अशा खुणेने किंमत वाढत नाही, उलट घटते. नाणे खोटे मात्र नव्हते: वजन २८ ग्रॅम भरले, आणि कडेवरील ‘न्याय आणि दया’ या अर्थाची लॅटिन अक्षरे स्पष्ट होती. हजारी ८३३ कसाने त्यात साडेतेवीस ग्रॅमच्या आत चांदी येते, म्हणजे दोन कलदार रुपयांहून थोडी अधिक. त्याची किंमत जवळजवळ तेवढीच.

हे सांगताना आम्हांस संकोच वाटला. मुलाच्या आईने ते शांतपणे ऐकून घेतले व नाणे पुन्हा फडक्यात बांधले. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही सोबत बसून भरला. बेळगावच्या शिपायाने आफ्रिकेतून आणलेले ते नाणे कदाचित मुंबईतच पडलेले असेल. सन वाचून आपण थांबलो असतो, तर हा प्रश्नही आपणांस सुचला नसता.