पेरू देशातील वृत्तपत्रांचे हस्तांतर

वृत्तपत्र कोणाचे, हा प्रश्न दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात अवघ्या सहा वर्षांत दोनदा, आणि दोन्ही वेळा सरकारी निर्णयानेच, निकालात काढला गेला. १९६८ च्या लष्करी उठावाने सत्तेवर आलेल्या जनरल वेलास्को यांच्या राजवटीने जुलै १९७४ मध्ये राजधानी लिमा येथील प्रमुख खाजगी दैनिके ताब्यात घेतली. तोवर ती मूठभर धनिकांकडे होती. १८३९ साली निघालेले 'एल कॉमेर्सिओ' मिरो केसादा घराण्याचे. 'ला प्रेन्सा' म्हणजे बड्या जमीनदार-निर्यातदारांचा आवाज. तर 'कोर्रेओ' माशांच्या भुकटीच्या धंद्यात गबर झालेल्या एका उद्योगपतीने काढलेले. राजवटीचा आक्षेप निराधार नव्हता. 'एल कॉमेर्सिओ' शेतकऱ्यांना, 'ला प्रेन्सा' कामगारांना देण्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात संपादक सरकारने नेमले आणि हस्तांतर कधी पुरे झालेच नाही. ज्या शेतकऱ्यांच्या नावे हे दैनिक चालले, त्यांतील कित्येकांना स्पॅनिश वाचताही येत नव्हते!

१९८० च्या निवडणुकीत निरक्षरांनाही मताधिकार मिळाला. लष्कराने पूर्वी पदच्युत केलेले बेलाउंदे पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी दैनिके मूळ मालकांच्या स्वाधीन केली. टीकेला वाव मिळाला. १९८१ मध्ये 'ला रेपुब्लिका' हे नवे दैनिक निघाले. हा लाभ लहान नव्हे. परंतु गेलेला वाचक मालकीहक्काच्या कागदाबरोबर परत येत नाही. 'ला प्रेन्सा'चे धुरीण बेल्त्रान १९७९ मध्येच निवर्तले होते. ते पत्र १९८४ मध्ये बंद पडले.

पुढे, १९९० नंतरच्या फुजिमोरी यांच्या कारकीर्दीत, सरकारला वृत्तपत्र जप्त करण्याची गरजच उरली नाही. त्यांचे गुप्तचर सल्लागार मोंतेसिनोस यांनी स्वस्त, भडक दैनिकांचे मथळे पैसे मोजून विकत घेतले. एका प्रतिष्ठित दैनिकाचा चालक नोटांच्या थप्प्या स्वीकारत असल्याची चित्रफीत नंतर उजेडात आली. 'एल कॉमेर्सिओ' आणि 'ला रेपुब्लिका' मात्र या बाजारापासून दूर राहिली, हे नमूद केलेच पाहिजे.

त्याच 'एल कॉमेर्सिओ'च्या समूहाने २०१३ मध्ये 'कोर्रेओ'सह प्रतिस्पर्धी समूहाची पत्रे आपल्याकडे घेतली आणि देशातील दैनिकांच्या खपाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग एका छत्राखाली आला. तेव्हा काही पत्रकारांनीच न्यायालयात धाव घेतली. १९७४ च्या जप्तीची आठवण देऊन समूहाचे समर्थक त्यांना उत्तर देत राहिले.