कर्ण्यापासून पेटीपर्यंत

‘कर्णा’ हा शब्द मराठींत मूळचा एका लांब पितळी वाद्याचा. देवळांतील उत्सवाच्या व स्वारीच्या पुढें तो वाजत असे. पुढें फोनोग्राफ आणि ग्रामोफोन आले तेव्हां त्यांच्या रुंद तोंडाच्या नळ्यास आपल्या लोकांनीं निराळें नांव शोधलें नाहीं. आणि विजेचे ध्वनिक्षेपक उत्सवाच्या मांडवांवर चढले तेव्हांहि तोच शब्द त्यांस पुरला. नांव देणारांनीं नकळत एक शास्त्रीय सत्य सांगून ठेविलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. ध्वनि मोठा करण्यासाठीं मनुष्यास सांपडलेल्या अगदीं जुन्या उपायांपैकीं कर्णा हा एक. आणि घरबसल्या गाणें ऐकण्याच्या साधनांचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं ह्या कर्ण्याची दिवाणखान्यांतून हळूहळू झालेली हकालपट्टी होय.

कर्णा लागतो कशाला? लहानसा पडदा उघड्या हवेंत हालूं लागला म्हणजे हवा दाबली जाण्याऐवजीं बाजूस सरकून जाते, व पडद्याचे श्रम फुकट जातात. कर्ण्याच्या अरुंद गळ्यांत हवेस निसटावयास वाव नसतो; ती जोर घेते, आणि तो जोर वाढत्या तोंडानें बाहेरच्या हवेस मिळतो. परंतु ह्या सोयीची किंमत आकाराच्या रूपानें द्यावी लागते. सेकंदास ५० कंपनें असलेल्या खोल स्वराची एक लाट सुमारें साडेबावीस फूट लांब असते. तो स्वर नीट बाहेर पडावा तर कर्ण्याचें तोंडहि त्या लाटेच्या मानानें कांहींसें शोभणारें हवें. फ्रेड गायसबर्ग ह्यानें १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरविलें, तेव्हां गाणें घेणारा कर्णा आणि पुढें तें घरोघरीं ऐकविणारा कर्णा हे दोन्ही ह्या मानानें फारच लहान होते. त्या काळच्या तबकड्यांत डग्ग्याचा घुमारा हरवून केवळ टकटक उरते, तिचें एक मुख्य कारण हेंच.

घरांतील माणसांस मात्र डग्ग्यापेक्षां कर्ण्याचें रूपच अधिक खुपत होतें. १९०६ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें ‘व्हिक्ट्रोला’ काढला, त्यांत कर्णा दुमडून लांकडी कपाटाच्या पोटांत दडविला होता, व कपाटाचीं दारें कमीअधिक उघडून आवाज लहानमोठा करावयाचा होता. शास्त्रदृष्ट्या ह्यांत मिळविलें थोडें. पण यंत्र गेलें आणि फर्निचर आलें. येथून पुढें ह्या विषयांतील प्रत्येक शोधास दोन परीक्षा द्याव्या लागल्या: एक कानाची आणि दुसरी घराच्या सजावटीची. दुसरींत नापास झालेला ध्वनिक्षेपक पहिलींत कितीहि वर आला तरी बहुधा एकट्या पुरुषाच्या खोलींत जाऊन राही.

आणि कानाची परीक्षा तरी निर्भेळ होती काय? १९१५ पासून सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांव ‘स्वरपरीक्षे’चे जलसे केले. रंगमंचावर गायिका आणि फोनोग्राफ शेजारीं शेजारीं. मध्येंच दिवे मालवावयाचे, व आतां कोण गात आहे तें श्रोत्यांनीं ओळखावयाचें. हजारों श्रोते फसले. ॲना केस नांवाची गायिका ह्या जलशांत प्रमुख असे. तिनें म्हातारपणीं मोकळेपणानें सांगितलें कीं, आपण आपला आवाज मुद्दाम यंत्राच्या आवाजासारखा करीत असूं. यंत्र माणसासारखें झालें नव्हतें. माणूस यंत्रासारखें गात होतें. ‘हुबेहूब’ ह्या शब्दाच्या जाहिराती वाचतांना ही हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कर्ण्यास खरा प्रतिस्पर्धी विजेंतून निघाला. चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें ठेवून त्यांतून प्रवाह सोडिला तर तें पुढेंमागें हालतें, ही योजना जर्मनीच्या अर्न्स्ट सीमेन्सनें १८७४ सालींच पेटंट करून ठेविली होती; इंग्लंडांत ऑलिव्हर लॉजनें १८९८ सालीं ती ध्वनीच्या कामीं योजिली. पण प्रवाहास बळ देणारी निर्वात नळी अद्याप यावयाची होती. त्यामुळें दोन्ही पेटंटें कागदावरच राहिलीं. १९१५ सालीं कॅलिफोर्नियांत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम ह्या दोघांनीं अशाच वेटोळ्यास कर्णा जोडून ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे मोठा आवाज, तयार केला. १९१९ च्या सप्टेंबरांत प्रेसिडेंट विल्सन ह्यांनीं सॅन दिएगो येथें प्रचंड जनसमुदायापुढें भाषण केलें तें ह्याच यंत्रांतून. वक्त्याची छाती आणि सभेचा आकार ह्यांचा हजारों वर्षांचा संबंध त्या यंत्रांनीं तोडला. त्याचे बरेवाईट परिणाम पुढें सर्व जगानें भोगले, पण तो ह्या लेखाचा विषय नव्हे.

घरांतील क्रांति १९२५ सालची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्यांनीं त्या वर्षीं बिनकर्ण्याच्या ध्वनिक्षेपकावर एक निबंध वाचला. तोंपर्यंत पडदा ताणून घट्ट बसवीत, त्यामुळें त्याचा स्वतःचा एक स्वर बोलण्याच्या ऐन मध्यावर येई व सर्व गाण्यास तोच रंग चढे. ह्या दोघांनीं उलट केलें. कागदाचा लहानसा शंकु त्यांनीं कडेस इतका सैल अडकविला कीं, त्याचा निजस्वर ऐकावयाच्या सर्व स्वरांच्या खालीं गेला. अशा सैल शंकूची गंमत अशी कीं, स्वर दुप्पट उंच झाला म्हणजे त्याचा वेग निम्मा होतो, पण त्याच वेळीं हवेस ढकलण्याची त्याची पात्रता दुप्पट होते. वजाबाकी आणि बेरीज जुळून आवाज सम राहतो. दुसरी अडचण शंकूच्या पाठीची. पुढची हवा दाबली जाते त्याच क्षणीं मागची विरळ होते, आणि दोन्ही कडेवरून वळसा घालून एकमेकींस भेटल्या कीं खोल स्वर जागच्या जागीं मरतात. म्हणून शंकु एका रुंद फळीच्या भोंकांत बसवावयाचा. एवढेंच! आज कोणत्याहि दुकानांतील ध्वनिक्षेपकाचें पोट उघडलें तरी बहुधा हाच शंकु, हेंच वेटोळें, हाच चुंबक दिसतो. शंभर वर्षें मुळांत न बदललेलें विजेचें असें यंत्र क्वचितच दाखवितां येईल.

ह्यांत तोटा होता तो बळाचा. चांगला कर्णा दिलेल्या विजेचा मोठा वांटा आवाजांत उतरवितो. उघडा शंकु शेंकडा एकाच्या आसपास. बाकीची वीज वेटोळें तापविण्यांत जाते. म्हणून ‘रेडिओला १०४’ ह्या नांवानें तो बाजारांत आला तेव्हां त्याच्या पेटींत स्वतंत्र ॲम्प्लिफायर घालावा लागला. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, तें ह्या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावर: कोठें कानास लावावयाचे हेडफोन, कोठें हंसाच्या मानेसारखा कर्णा, आणि एखाद्या सधन घरीं नवा शंकु.

कर्ण्यानें मात्र सहज हार मानली नाहीं. सिनेमागृहांत त्याचें राज्य अबाधित राहिलें, आणि अमेरिकेच्या आर्कान्सा प्रांतांतील होप ह्या गांवीं पॉल क्लिप्श नांवाच्या इंजिनियरानें १९४६ च्या सुमारास त्यास पुन्हां घरांत आणलें. त्याची युक्ति मोठी मार्मिक होती. एवढा मोठा कर्णा घरांत मावत नाहीं ना? मग घरासच कर्ण्याचा शेवटचा भाग करावें. कोपऱ्यांत ठेवलेल्या त्या कपाटांतून आवाज निघून दोन भिंतींच्या मधून पसरतो. भिंती हेंच कर्ण्याचें तोंड. इंग्लंडांत यॉर्कशरच्या गिल्बर्ट ब्रिग्जनें पेटीच्या भिंतींचा कंप मारण्यासाठीं त्यांत वाळू भरली, आणि १९५४ सालीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलांत प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रण ह्यांचा सामना लावून तो भव्य सभागार भरून काढला. एडिसनचाच खेळ, पण ह्या वेळीं दिवे लागलेले.

त्याच १९५४ सालीं एडगर व्हिलचर ह्यानें वाद निकालांत काढला. खोल स्वरासाठीं मोठी पेटी हवी अशी सर्वांची समजूत. कारण लहान बंद पेटींतील हवा स्प्रिंगसारखी ताठ होते. व्हिलचर म्हणाला, मग तीच स्प्रिंग वापरूं या. शंकूची स्वतःची टांगणी जवळजवळ निर्जीव केली, आणि त्यास परत आणण्याचें काम पेटींतील कोंडलेल्या हवेवर सोंपविलें. हवा ही कापडापेक्षां व कागदापेक्षां प्रामाणिक स्प्रिंग असल्यामुळें आवाज मोठा झाला तरी विकृति कमी. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या त्या पेटीनें कपाटाएवढ्या ध्वनिक्षेपकांस लाजविलें. त्याचा सहकारी अँटन हॉफमन (सुप्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन ह्याचा हा मुलगा) ह्याच्या नांवानें एक ‘लोहनियम’ प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल स्वर आणि थोडक्या विजेंत मोठा आवाज, ह्या तिहींपैकीं कोणतीहि दोनच मिळतात. विकत घेणारानें दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं एवढें पाठ केलें तरी त्याचे पुष्कळ पैसे वांचतील.

लहान पेटीचें नशीब उघडलें तें आणखी एका कारणानें. ॲलन ब्लमलाइन ह्या इंग्रज इंजिनियरानें १९३१ सालींच दोन वाटांनीं ध्वनि टिपण्याचें पेटंट मागितलें होतें. नट पडद्याच्या एका टोकास आणि आवाज दुसरीकडून, हें त्यास खपत नसे. १९४२ सालीं विमानांतील रडारच्या चांचणींत तो अपघातानें मेला, व त्याचा स्टिरिओ तबकडीवरून सामान्य लोकांच्या घरीं पोहोंचण्यास १९५८ साल उजाडलें. एक कपाट कोपऱ्यांत खपवून घेणारें घर दुसऱ्यास जागा देईना. दोन लहान पेट्या मात्र सहज सामावल्या.

येथें घराचा मुद्दा पुन्हां येतो, आणि आपल्या संगीताच्या संदर्भांत तो पाहण्यासारखा आहे. काळी एक पट्टींत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा. त्याची लाट सोळा फुटांहून किंचित् लांब, अर्धी लाट आठ फुटांची. चाळींतील आठ फूट रुंदीच्या खोलींत हीच लाट दोन समोरासमोरच्या भिंतींत अचूक बसते: भिंतीस टेकून बसणारास खर्ज घुमतो, आणि मध्यभागीं बसणारास तो जवळजवळ ऐकूं येत नाहीं. दोष यंत्राचा नव्हे, खोलीचा. सुदैवानें तंबोऱ्याची जवारी मूळ स्वरापेक्षां वरच्या उपस्वरांतच अधिक बोलते, व त्या उपस्वरांवरून हरवलेला मूळ स्वर कान स्वतःच रचून घेतो. म्हणूनच लहान रेडिओवरहि षड्ज भरल्यासारखा वाटतो. डग्ग्यास ही सवलत फारशी नाहीं.

पेट्या कोपऱ्यांत खुपसल्या म्हणजे खोल स्वर फुगतात. त्या भिंतीपासून दोनतीन फूट पुढें, दोन पेट्या व श्रोता मिळून समभुज त्रिकोण होईल अशा, आणि बारीक स्वरांचा शंकु कानाच्या उंचीवर असाव्या. बैठक सतरंजीवर असेल तर पेटीहि त्या मानानें खालीं आणावी. खुर्चीच्या हिशेबानें केलेल्या घडवंच्या आपल्याकडे डोळे मिटून घेण्यांत अर्थ नाहीं. उघडी शहाबादी फरशी आणि नागड्या भिंती आवाज परतवितात. पुस्तकांनीं भरलेलें कपाट त्यास मोडतें. ह्या गोष्टींस खर्च जवळजवळ नाहीं, आणि त्यांनीं जो फरक पडतो तो पुष्कळदां महागडी तार बदलून पडत नाहीं.

पेटी किती मोठी, भोंक केवढें, हें गणितानें आधींच ठरविण्याची रीत ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील ह्यानें १९६१ मध्यें मांडली व रिचर्ड स्मॉलनें १९७० नंतर ती पुरी केली. तोंवर सुतार आणि कान ह्यांवरच भिस्त होती. निवड करणारा श्रोता मात्र गणितानें बदलला नाहीं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह ह्यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तेच ध्वनिक्षेपक तेच श्रोते प्रथम पडद्याआड आणि मग डोळ्यांदेखत ऐकून गुण देत गेले. पडदा सरतांच लहान, स्वस्त दिसणाऱ्या पेटीचे गुण उतरले व भारदस्त दिसणारांचे चढले. बी.बी.सी.नें १९७० नंतरच्या दशकांत बाहेरगांवच्या प्रक्षेपणाच्या मोटारगाडींत मावावा म्हणून एक चिमुकला ध्वनिक्षेपक घडविला, त्याचें नांव एल.एस. ३/५ए. गाडींतील अडचणीसाठीं केलेली ती पेटी परवान्यानें निरनिराळ्या कारखान्यांनीं बनविली आणि घरगुती शौकिनांनीं उचलली. वाद्यवृंदाचा गडगडाट तिला झेपत नाहीं. पण माणसाचा गळा ती असा सांगते कीं, तिचे चाहते त्यापुढें तिच्या उणिवांची यादी करीत बसत नाहींत.